कायदा घडताना आपण बोलतो का? (कॉपीराइट, संगणक आणि आपण वाचक)

सातारकरीण | १२ डिसेंबर २०२५, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,

८ डिसेंबरला केंद्राच्या उद्योग संवर्धन आणि अंतर्गत व्यापार विभागाने एक कार्यपत्र प्रसिद्ध केलंय. कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रं शिकवायला लोकांची पुस्तकं, लेख, गाणी, चित्रं वापरली जातात, त्याचं कॉपीराइट कायद्यात काय करायचं, हा विषय. आपलं म्हणणं कळवायला ३० दिवस दिलेत, त्यातले चार गेले. घरी आणि कॉलेजात दहाबारा जणांना विचारलं. "असं काही आलंय का?" याच्यापुढे कुणी गेलं नाही.

म्हणून हा धागा. तुमच्यापैकी कुणी कधी एखाद्या कायद्याच्या मसुद्यावर लेखी सूचना पाठवली आहे का? नसेल तर का नाही?

माझं सांगते. मला दिसत नाही. सत्ताविसाव्या वर्षी नजर गेली. तोवर वाचनाचं वेड लागलेलं होतं, ते कुठे जातंय! त्या काळी एक पुस्तक वाचायचं म्हणजे आधी त्याची शिवण उसवायची, मग एकेक पान स्कॅनरवर पालथं घालायचं, झाकण दाबून धरायचं, दिवा सरकून गेला की पुढचं पान. माझा धाकटा भाऊ दर रविवारी जेवण झाल्यावर हे करत बसायचा. दोनशे पानांना दोन रविवार. मग त्या चित्रांतून संगणक अक्षरं ओळखायचा, आणि त्यात 'भ'चा हमखास 'म' व्हायचा. "भाऊनं दार उघडलं" याचं "माऊनं दार उघडलं" ऐकून आम्ही दोघं पोट धरून हसलो होतो.

पण हे सगळं तेव्हा कायद्यात बसत नव्हतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात अंधांसाठी अशी सवलतच नव्हती. २०१० साली राज्यसभेत दुरुस्ती विधेयक आलं, त्यात ती आली, पण 'खास अपंगांसाठीच बनवलेल्या' स्वरूपापुरती. म्हणजे ब्रेल चालेल. साधी वर्डची फाईल, ध्वनिमुद्रण, मोठ्या टायपातली प्रत हवी तर कॉपीराइट बोर्डाकडे परवान्याची खटपट करा. माझ्यासारख्या मोठेपणी नजर गेलेल्या बाईला ब्रेल कुठून येणार?

तेव्हा देशभरातले अंध वाचक, त्यांच्या संस्था, काही वकील मागे लागले. मुंबईतलं झेवियर्स रिसोर्स सेंटर त्यात होतं. संसदेच्या स्थायी समितीपर्यंत म्हणणं गेलं. मीही एका संस्थेकडे दोन पानी पत्र दिलं होतं. त्यात कलमं वगैरे काही नव्हतं. स्कॅनर, दोन रविवार आणि ती माऊ, एवढंच. २०१२ साली कायदा झाला तेव्हा कलम ५२ मध्ये शब्द आले, 'कोणत्याही सुगम स्वरूपात'. 'खास' गेला आणि 'कोणत्याही' आला. त्या एका शब्दावर मी गेली तेरा वर्षं वाचतेय.

माझ्या पत्रामुळे झालं असं मी म्हणत नाही. पण त्या ढिगात माझं पत्र होतं, हे मला फार मोलाचं वाटतं.

गवळण | रात्री ९.५८

वाचतेय. माऊ लक्षात राहील.

बापू_करंजेकर | रात्री १०.२०

ताई, तुमचा अनुभव मनाला भिडला. पण २०१२ चीच दुसरी बाजू सांगतो. मी तालुक्याच्या वाचनालयात तीस वर्षं काढली.

त्याच विधेयकात कलम २(एम)ला एक जोड होती. परदेशात रीतसर छापलेलं पुस्तक कुणी तिथून आणून इथे विकलं तर ते चोरीचं धरायचं नाही, अशी. स्थायी समितीही तिच्या बाजूने होती. आम्हा ग्रंथालयवाल्यांना वाटलं, आता महागडी संदर्भपुस्तकं स्वस्तात मिळतील. मग मोठे प्रकाशक उभे राहिले आणि विधेयक मंजूर झालं तेव्हा ती जोड त्यात नव्हती. विद्यार्थी, ग्रंथपाल ओरडत राहिले, कुणी दाद घेतली नाही.

म्हणजे ज्याच्या खिशाला चाट बसत नाही ते मागणं मान्य होतं. जिथे बसते तिथे तुमची पत्रं केराच्या टोपलीत. स्पष्ट बोलतो, राग मानू नका.

सातारकरीण | रात्री १०.३५

बापूकाका, राग कशाचा. २(एम)चं मलाही माहीत होतं. पण एक सांगा, तुम्ही वाचनालयातून तेव्हा काही लिहून पाठवलं होतं का?

बापू_करंजेकर | रात्री १०.४१

नाही पाठवलं. सूचना मागवल्याचं कळलं तेव्हा मुदत उलटून गेली होती.

वकीलबाई_नागपूर | १३ डिसेंबर, सकाळी ७.१५

बापूकाकांचं हे शेवटचं वाक्य माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं आहे. थोडं विस्ताराने लिहिते.

२०१४ च्या सुरुवातीला केंद्र सरकारने एक धोरण ठरवलं. कुठल्याही कायद्याचा मसुदा संसदेत नेण्याआधी किमान ३० दिवस लोकांपुढे ठेवायचा, सोबत सोप्या भाषेत टिपण द्यायचं, आणि आलेल्या सूचनांचा गोषवारा संकेतस्थळावर टाकायचा. पण हे धोरण आहे, कायदा नाही. पाळलं नाही म्हणून न्यायालयात जाऊन कायदा रद्द करून आणता येत नाही. शिवाय सूचना मागवल्या जातात त्या खात्याच्या संकेतस्थळाच्या कुठल्यातरी कोपऱ्यात. साताऱ्यातल्या वाचनालयाला कळणार कसं?

आणि भाषा. २०२० मध्ये पर्यावरणाच्या परिणामांचं मूल्यमापन कसं करायचं याची नवी अधिसूचना मसुद्याच्या रूपात आली, हिंदी आणि इंग्रजीतच. एक जण दिल्ली उच्च न्यायालयात गेला. ३० जून २०२० ला न्यायालयाने मुदत वाढवून दिली आणि मसुदा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या, म्हणजे २२ भाषांत आणा असं सांगितलं. मच्छीमारांना, शेतकऱ्यांना वाचता आलं पाहिजे, हा त्यामागचा मुद्दा. लेखक, वाचक, गायक, छपाईवाले यांनी काय घोडं मारलंय? मराठीत लिहिणाऱ्याच्या हक्काचा प्रश्न मराठीतून का मांडला जाऊ नये?

ताईंच्या मोहिमेबद्दल एक नाव राहून गेलंय. चेन्नईचे वकील राहुल चेरियन. कायद्यातली ही सवलत आणि अंधांना सुगम पुस्तकं मिळावीत यासाठीचा पुढचा आंतरराष्ट्रीय करार, दोन्हींसाठी ते झटले. २०१३ च्या फेब्रुवारीत गेले. त्याच जूनमध्ये मोरोक्कोतल्या माराकेशला तो करार झाला आणि २०१४ साली भारत त्याला मान्यता देणारा पहिला देश ठरला. त्यांना ते बघायला मिळालं नाही.

पेटीवाला | सकाळी ८.०२

माझं दुखणं वेगळं आहे, पण धाग्यात बसेल असं वाटतं.

आमचं गावातलं भजनी मंडळ. आषाढीला देवळात तुकोबांचा अभंग म्हटला. पेटी माझी, पखवाज पुतण्याचा. चाल आजोबांपासून चालत आलेली. पुतण्याने तो व्हिडिओ टाकला. तिसऱ्या दिवशी निरोप, अमुक कंपनीचा या ध्वनीवर हक्क आहे. तुकोबांना जाऊन पावणेचारशे वर्षं होत आली! हरकत घेतली तर कंपनीच ठरवणार हरकत बरोबर की चूक. महिनाभर लटकलो, शेवटी पुतण्याने व्हिडिओ काढून टाकला.

कायद्यात आमच्यासारख्यांची काही सोय आहे का?

वकीलबाई_नागपूर | सकाळी ८.४०

पेटीवाले दादा, अभंगाच्या शब्दांवर कुणाचा हक्क नाही. परंपरागत चालीवरही नाही. कंपनीचा हक्क तिने केलेल्या ध्वनिमुद्रणावर. यंत्राला दोन पेट्यांतला फरक कळत नाही, म्हणून दावा येतो.

कायदा काय म्हणतो? २०१२ च्या दुरुस्तीप्रमाणे हक्कदाराने लेखी तक्रार केली तर साइटने तो मजकूर २१ दिवस बंद ठेवायचा. तेवढ्यात न्यायालयाचा आदेश आला नाही तर पुन्हा खुला करता येतो. पण तुमच्या बाबतीत जे झालं ती साइटची स्वतःची यंत्रणा. कायद्याच्या बाहेरच सगळा निवाडा होतो. कुणी उगाच खटल्याची धमकी दिली तर कलम ६० खाली तुम्ही उलट दावा लावू शकता, पण भजनी मंडळाने वकील लावायचा तो कुठून?

हे तुम्ही इथे लिहिलंत तसंच्या तसं सरकारला लिहा. 'खोट्या दाव्याला जबाबदार कोण' यावर गावातल्या मंडळाचा अनुभव मसुदा लिहिणाऱ्यांनी वाचायला हवा.

पेटीवाला | सकाळी ८.५५

मराठीत लिहिलं तर चालेल का?

वकीलबाई_नागपूर | सकाळी ९.००

मराठीतच लिहा, सोबत इंग्रजी भाषांतर मी करून देते.

टोरांटोकर | सकाळी १०.१०

कॅनडातली गोष्ट सांगतो. २००९ च्या उन्हाळ्यात इथल्या सरकारने कॉपीराइटवर देशभर लोकांची मतं मागवली, २० जुलै ते १३ सप्टेंबर. त्याआधी २००८ मध्ये आणलेलं विधेयक लोकांना अजिबात पसंत पडलं नव्हतं आणि निवडणुका लागल्यावर ते बारगळलं. मग उद्योगमंत्री आणि संस्कृतीचे मंत्री मिळून विचारायला निघाले. शहरोशहरी बैठका झाल्या, आमच्या टोरांटोतही जाहीर सभा झाली. आठ हजारांवर लेखी निवेदनं आली. तीन-साडेतीन कोटींच्या देशात, कॉपीराइटसारख्या रुक्ष विषयावर!

मी तेव्हा नवा होतो, पर्मनंट रेसिडेंट. मत मागितलंय ते नागरिकांचं की आमचंही, हेही कळत नव्हतं. शेजारच्या आजींनी सांगितलं, इथे राहतोस ना, मग लिही. मी लिहिलं की भारतातून आणलेली मराठी नाटकांची डीव्हीडी इथल्या प्लेअरवर लागत नाही. पैसे मोजून घेतलेली डीव्हीडी चालवायला तिच्यावरचं डिजिटल कुलूप (म्हणजे ती हवी तशी वापरू न देणारी तांत्रिक अडवणूक) उघडलं तर तो गुन्हा धरू नका.

मिळालं काय? २०१२ मध्ये कायदा झाला, तुमचा झाला त्याच वर्षी. शिक्षण, विडंबन, उपहास यांना मोकळीक मिळाली. घरगुती व्हिडिओत दुसऱ्याचं गाणं मिसळलं तर त्यालाही अटींसह सवलत मिळाली. पण डिजिटल कुलपाबद्दल सगळ्यात जास्त लोक बोलले होते आणि तिथेच सरकार हललं नाही. काही ठरावीक अपवाद सोडले तर कुलूप तोडणं बेकायदाच.

बापूसाहेब म्हणतात ते इथेही खरं आहे. तरी निम्मं पदरात पडलं.

वकीलबाई_नागपूर | सकाळी १०.४५

>> कुलूप तोडणं बेकायदाच

आपलं कलम ६५ए इथे कॅनडापेक्षा बरं आहे, हे आवर्जून सांगते. आपल्याकडे हक्कभंग करायच्या हेतूने कुलूप तोडलं तरच शिक्षा, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. कायद्याने मनाई नसलेल्या कामासाठी तोडलं तर नाही. म्हणजे सातारकरीणताईंनी विकत घेतलेलं ई-पुस्तक वाचनयंत्राला (मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या प्रणालीला) वाचून दाखवता यावं म्हणून कुणी उघडून दिलं तर तो गुन्हा नाही.

छापखाना | दुपारी १२.३०

काल रात्रीपासून वाचतोय, आता लिहितोच.

मी पुण्यात छोटं प्रकाशन चालवतो. वर्षाला आठ-दहा पुस्तकं. हजाराची आवृत्ती संपायला तीन वर्षं लागतात. गेल्या वर्षी एक चरित्र काढलं, लेखिकेची सहा वर्षांची मेहनत. प्रकाशन समारंभानंतर नवव्या दिवशी माझ्याच फोनवर एका ग्रुपातून त्याची पीडीएफ आली. खाली लिहिलं होतं, 'वाचनसंस्कृती वाढवा, पुढे पाठवा'. लेखिकेला फोन करून सांगताना मला शब्द सुचत नव्हते.

इथे सगळे वाचकांच्या हक्काचं बोलताहेत. अंधांसाठी, विद्यार्थ्यांसाठी, भजनासाठी सवलत. प्रत्येक सवलत न्याय्य आहे, मला मान्य आहे. पण मसुद्यांवर लिहायला आम्हा मराठी प्रकाशकांना आणि लेखकांनाही कुणी विचारत नाही. बापूसाहेबांनी सांगितलेले प्रकाशक दिल्लीतले, इंग्रजी पुस्तकांचे. त्यांच्या बैठकीला माझ्यासारख्याला आमंत्रण नसतं.

सातारकरीण | दुपारी १.०५

छापखानाजी, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. त्या लेखिकेचं वाचून वाईट वाटलं. अशी पीडीएफ मला कुणी पाठवली तर मी पुढे पाठवत नाही, विचारते पुस्तक कुठे मिळेल.

पण माझं एक गाऱ्हाणं आहे, प्रकाशकांविषयीच. कायद्याने मला हक्क दिला, तरी फाईल कोण देतं? गेल्या पाच वर्षांत मी अकरा प्रकाशकांना पत्र लिहिलं, पुस्तकाचे पूर्ण पैसे देते, छपाईला गेलेली मजकुराची फाईल द्या. दोघांनी दिली. त्यातली एक जुन्या, युनिकोड (सगळ्या संगणकांना कळणारी अक्षरांची पद्धत) नसलेल्या फॉन्टात. वाचनयंत्र लावलं तर नुसता अक्षरांचा कचरा, इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं एकापाठोपाठ. म्हणजे पुन्हा स्कॅनर, पुन्हा रविवार. २०१६ च्या ऑगस्टमध्ये सुगम्य पुस्तकालय नावाचं ऑनलाइन ग्रंथालय सुरू झालं, ते मी नेहमी वापरते. पण मराठीतलं नवं पुस्तक मला तिथे क्वचितच सापडतं.

गवळण | दुपारी १.२०

ताई +१. माझ्या सासऱ्यांना मोतीबिंदूनंतर बारीक टाइप वाचवत नाही. त्यांच्यासाठी मी मोठ्या अक्षरात प्रिंट काढते. हे पण 'सुगम स्वरूप'च ना?

वकीलबाई_नागपूर | दुपारी १.३२

हो, वाचायला अडचण होत असेल तर तेही त्यातच. बिनधास्त काढा.

विज्ञानवेडा | दुपारी ३.००

मूळ कार्यपत्राकडे येऊ या. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. कालची रात्र ते वाचण्यात गेली, थोडक्यात सांगतो. यंत्र शिकवणाऱ्या कंपनीला रीतसर मिळालेलं कुठलंही साहित्य वापरायची सरसकट परवानगी. निर्मात्याला 'माझं वापरू नका' म्हणता येणार नाही. बदल्यात कंपनीच्या उत्पन्नातून रॉयल्टी, ती एका मध्यवर्ती संस्थेकडे जमा होऊन वाटली जाणार. दर सरकारने नेमलेली समिती ठरवणार. हे कार्यपत्र तयार करणाऱ्या समितीत सॉफ्टवेअर कंपन्यांची संघटना नॅसकॉम होती, तिने वेगळं मत नोंदवलंय.

मला यातलं बरंच पटतं. यंत्रांना चांगलं मराठी वाचायला मिळालंच नाही तर ती मराठी शिकणार कशी? ताईंचा 'भ' आणि 'म' वेगळा ओळखायलाही यंत्राला मराठी पानंच दाखवावी लागतात.

अवांतर: २०१५ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, इंटरनेटच्या समानतेवर (कंपन्यांनी काही साइट्सना झुकतं माप द्यावं का, यावर) मतं मागवली तेव्हा मीही ईमेल केला होता. दहा लाखांवर ईमेल गेले. ट्रायने ते सगळे पाठवणाऱ्यांच्या पत्त्यांसकट जाहीर केले, त्यावरून बराच आरडाओरडा झाला. पण २०१६ च्या फेब्रुवारीत नियम आला तो आपल्या बाजूने. तेव्हा बापूकाका, खिशाला चाट बसणारेही, इथे टेलिकॉम कंपन्या, कधीकधी हरतात.

अनुवादक_स्वरा | दुपारी ४.१५

विज्ञानवेडा, तुमच्याशी असहमत. मी पंधरा वर्षं भाषांतरं करते. यंत्राने माझीच भाषांतरं वाचून शिकायचं आणि मग मला निम्म्या दरात 'फक्त तपासून द्या' असं काम मिळायचं. नाही म्हणायचा हक्क कायदाच काढून घेणार असेल तर रॉयल्टीचा तुकडा कशाला? आणि ती मध्यवर्ती संस्था मराठी अनुवादकाला ओळखणार तरी कशी? आज माझं नाव कित्येक पुस्तकांच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात असतं, मुखपृष्ठावर नसतंच.

छापखाना | दुपारी ४.४०

स्वराताईंशी पूर्ण सहमत. लेखकाला निदान विचारलं तरी पाहिजे.

बापू_करंजेकर | सायंकाळी ६.१०

एक शंका. साने गुरुजींचं लेखन आता कुणीही छापतं ते कसं?

वकीलबाई_नागपूर | सायंकाळी ६.२५

लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. गुरुजी १९५० साली गेले, म्हणून १ जानेवारी २०११ पासून सर्वांसाठी खुलं. ही मुदत आधी ५० वर्षं होती. रवींद्रनाथांचं लेखन १९९१ अखेर खुलं होणार होतं, म्हणून १९९२ मध्ये दहा वर्षं वाढवली, फक्त त्यांच्यासाठी नाही, सगळ्यांसाठी. तुमच्या वाचनालयातल्या किती पुस्तकांना ती दहा वर्षं लागू झाली असतील बघा.

लोक बोलले की काय होतं याचं आणखी एक उदाहरण. दिल्ली विद्यापीठातल्या झेरॉक्सच्या दुकानावर तीन मोठ्या प्रकाशकांनी २०१२ मध्ये दावा लावला. विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी संघटना करून स्वतः पक्षकार व्हायचं ठरवलं. २०१६ च्या सप्टेंबरात निकाल दुकानाच्या बाजूने लागला, डिसेंबरात खंडपीठानेही शिकवण्यासाठी प्रती काढायचं तत्त्व मान्य केलं. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला.

सातारकरीण | १४ डिसेंबर, सकाळी ९.३०

काल रात्री सगळे प्रतिसाद पुन्हा ऐकले. आपलं एकमत होणार नाही हे दिसतंय. स्वराताई आणि विज्ञानवेडा यांच्यात मी कुठे उभी आहे, मलाच सांगता येत नाही. यंत्र सुधारलं तर माझं वाचन सुधारतं, आणि ज्यांची पुस्तकं मला वाचायची आहेत त्यांनी लिहिणं थांबवलं तर मी वाचू काय?

म्हणून एकच निवेदन नको. प्रत्येकाने आपापलं पाठवावं. पेटीवाल्यांनी व्हिडिओचं, स्वराताईंनी 'तपासून द्या'चं, छापखानाजींनी नवव्या दिवसाचं. दोन मागण्या मात्र सगळ्यांनी लिहाव्यात: हे कार्यपत्र मराठीसह सगळ्या भाषांत द्या, आणि त्यासाठी मुदत वाढवा. माझ्या निवेदनात आणखी एक असेल. यंत्र शिकवायला कंपनीला जी युनिकोड फाईल मिळेल, तीच अंध वाचकालाही मागितल्यावर मिळावी.

बापू_करंजेकर | सकाळी ९.५०

या वेळी मुदतीआधी कळलंय. वाचनालयाच्या लेटरहेडवर पाठवतो, अध्यक्षांची सही घेतो. ताई, तुमचा शेवटचा मुद्दा मी घेतला तर चालेल ना?

सातारकरीण | सकाळी ९.५२

घ्या की काका!

पेटीवाला | सकाळी ११.२०

लिहून झालं. दोन पानं झाली. पुतण्या टाइप करतोय.

छापखाना | रात्री ८.१५

सातारकरीणताई, ते चरित्र तुम्हाला मेलवर पाठवलंय, युनिकोडमध्ये करून घेतलं. लेखिकेला विचारूनच. तळटिपा कशा वाचल्या जातात ते कळवा, म्हणजे पुढच्या पुस्तकांच्या फाइली तशाच करायला सांगतो.

सातारकरीण | रात्री ११.०५

मिळालं. तीन प्रकरणं झाली. तळटिपा वाक्याच्या मध्येच घुसतात, पान ४१ वर विशेष. त्या प्रकरणाच्या शेवटी टाका. बाकी एकही 'भ' चुकला नाही. लेखिकेचा पत्ता मिळेल का? पुस्तकाचे पैसे तुम्हाला पाठवतेच आहे, त्यांना पत्र लिहायचंय.